न आलेल्या गाडीचं वाचनालय

दुरुस्तीवरच्या साहेबांनी वाचनालयाच्या मास्तरीणबाईंना एवढंच सांगितलं होतं की इमारतीचा इतिहास चार ओळींत लिहून द्या. दारावर पाटी लावायची आहे, पाटी लहान आहे आणि रंगारी आळशी आहे.

बाईंनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पहिली ओळ सोपी होती. 'ही इमारत रेल्वे स्टेशन म्हणून बांधली गेली.' दुसऱ्या ओळीत गाडी यायला हवी होती आणि तिथेच घोडं अडलं, कारण गाडी कधी आलीच नव्हती. जी आली नाही तिच्याबद्दल चार ओळींत लिहिणं कुणालाही जमलं नसतं. आलेल्या गोष्टीचं दोन शब्दांत भागतं. न आलेलीला जागा फार लागते.

झालं होतं असं की बाईंच्या आजोबांच्या तरुणपणी गावात आवई उठली, रेल्वे येणार. रूळ टाकणारी माणसं अजून डोंगराच्या पायथ्याशी खुंट्या ठोकत होती, पण गावाला दम कुठला. गावानं ठरवलं, आपण स्टेशन आधीच बांधून ठेवू. तयार स्टेशन समोर दिसल्यावर रेल्वे कुठल्या तोंडानं नाही म्हणेल? दगड कमी पडले तेव्हा प्रत्येक घरानं आपल्या भिंतीतला एकेक दगड काढून दिला. त्या गावात थंडीच्या दिवसांत प्रत्येक घरात बोटभर वारा शिरतो, तो त्याच भोकातून. स्टेशनाच्या भिंती मात्र अशा झाल्या की हत्तीनं धडक दिली तर हत्तीनंच माफी मागावी. तिकिटाची खिडकी गवंड्यानं आपल्या उंचीला बेतून केली. गवंडी बुटका होता. तेव्हापासून गावातल्या भल्याभल्यांना त्या खिडकीशी कमरेत वाकावं लागतं, आणि एका सरपंचानं म्हणे एवढ्याच कारणावरून जन्मात एकही पुस्तक वाचलं नाही.

मग बकरीनं घोळ घातला. एका मेंढपाळानं रेल्वेच्या शेवटच्या खुंटीला आपली बकरी बांधली आणि तो झाडाखाली आडवा झाला. बकरीला पलीकडचं गवत आवडलं. ती खुंटीसकट डोंगराला वळसा घालून गेली, आणि रूळ टाकणारे खुंटी बघून रूळ टाकतात, त्यांना बकरीच्या मनातलं काय कळणार. हे खरं की खोटं याबद्दल गावात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, अगदी खरं आहे. दुसरा म्हणतो, साफ खोटं, बकरी नव्हतीच, बोकड होता.

उद्घाटनाच्या दिवशी सगळं गाव फलाटावर उभं राहिलं. बँड सकाळपासून वाजत होता. क्लॅरिनेटवाल्याचे ओठ इतके सुजले की पुढे जन्मभर तो बोलताना मध्येच शीळ घालायचा आणि बायको दार उघडायची. दुपारी डोंगरामागून धुराची एक रेघ निघाली, हळूहळू सरकत गेली आणि दुसऱ्या टोकाला विरून गेली. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वळल्या. शेवटी बँडमास्तर म्हणाला, "मालगाडी असेल. ती थांबत नसते."

आजोबांना स्टेशनमास्तर नेमल्याचा हुकूम आला होता, कोट आला होता, पितळी बटणं आली होती, छापील तिकिटांचे गठ्ठे आले होते. फक्त गाडी यायची राहिली होती. आजोबा रोज कोट घालून फलाटावर यायचे आणि फळ्यावर लिहायचे, 'गाडी उशिरा धावत आहे.' 'येणार नाही' असं त्यांनी कधीच लिहिलं नाही. ते दोन शब्द लिहायला गेलं की खडू मोडायचा म्हणे.

गावालाही फलाटावर यायची सवय लागून गेली होती. लोक आवरून, पिशवी घेऊन यायचे, बाकावर बसायचे आणि उन्हं कलली की घरी जायचे. वाट बघणं हे तसं बिनकष्टाचं काम, पण त्यात हात रिकामे राहतात. कुणीतरी पुस्तक आणलं आणि जाताना बाकावर विसरलं. दुसऱ्यानं ते वाचलं, त्याला शेवट पटला नाही, म्हणून तो घरून बऱ्या शेवटाचं दुसरं घेऊन आला. पुस्तकं अशीच साठत गेली. आजोबांनी जाडजूड पुस्तकं पहिल्या वर्गाच्या खोलीत लावली, कारण तिथे आरामखुर्च्या होत्या आणि जाड पुस्तक उघडणाऱ्याला तशी खुर्ची लागतेच. गोष्टींची पुस्तकं तिसऱ्या वर्गात ठेवली. तिथले बाक इतके कडक होते की गोष्ट कितीही रटाळ असली तरी डोळा लागायची सोय नव्हती. खिडकीतून तिकीट फाडून पुस्तक द्यायला त्यांनी सुरुवात केली आणि वाचनालय सुरू झालं. कुणी सुरू केलं म्हणून नव्हे, तर बंद करायला कुणाकडे कारण नव्हतं म्हणून.

आजोबांनंतर त्या खिडकीमागे बाईंचे वडील बसले, वडिलांनंतर बाई बसल्या. हुद्दाही आपोआप चालत आला. आजोबा मास्तर, वडील मास्तर, म्हणून या मास्तरीणबाई. लग्न न करता मास्तरीण झालेल्या गावातल्या त्या एकट्याच.

हे झालं इमारतीचं. पण पाटीवर न मावणारी खरी गोष्ट कपाटांमध्ये होती.

गाडी नसली तरी माणसं गावातून जायचीच. बसनं जायची, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून जायची, कुणाच्या तरी मोटारीत अंग कोंबून जायची. जो गाव सोडून निघे त्याला आजोबा खिडकीशी बोलवायचे आणि म्हणायचे, एक पुस्तक निवड. माणूस पुस्तक घेऊन जाई. कपाटात त्याची जागा तशीच मोकळी राही, आणि त्या जागेखाली फळीच्या कडेवर आजोबा बारीक खिळ्यानं एक परतीचं तिकीट ठोकत, वर जाणाऱ्याचं नाव. पुस्तक ज्यानं नेलं त्यानंच आणायचं. केव्हा, याची घाई नाही.

आणि गेलेल्याकडे पुस्तक मागायचं नाही, हा वाचनालयाचा एकमेव नियम. तो ठेच लागून झाला होता. परमुलखात गेलेल्या एका घड्याळवाल्याला आजोबांनी एकदा कार्ड टाकलं होतं की बाबा रे, पुस्तकाची आठवण ठेव. पंधरवड्यात पुस्तक टपालानं हजर, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याची आई खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "पुस्तक आलं ना? मग तो कुठंय?" घड्याळवाला परत आलाच नाही. यायचं त्याच्याकडे कारणच उरलं नव्हतं. ज्याचं काही देणं राहिलेलं नाही, तो माणूस त्या गावापासून मोकळा.

म्हणून तिसऱ्या वर्गाच्या खोलीतली कपाटं दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची. बाई रोज सकाळी आल्या की आधी ती भोकं सारखी करायच्या. शेजारची पुस्तकं रात्रीतून कलायची, रिकाम्या जागेवर डोकं टेकायला बघायची. बाई त्यांना सरळ उभं करायच्या. "तुझी जागा नाही ती. सरक." मग त्या खिडकी उघडायच्या.

साहेब आले ते इमारत दुरुस्त करायला. वरच्या ऑफिसातून नेमलेले, तरुण, बाहेर आलेल्या कानांचे, कामाला वाघ. तुळया बदलायच्या, खिडक्यांना नवी तावदानं घालायची, दारावर पाटी. त्याआधी सगळी पुस्तकं जागेवर हवीत, असा वरचा दंडक. नेमक्या त्याच दिवसांत बाई तापानं अंथरुणाला खिळल्या आणि किल्ल्या साहेबांकडे गेल्या. उठून परत आल्या तेव्हा साहेब फलाटावर प्रसन्न चेहऱ्यानं उभे होते.

"बाई, तुम्हाला उगाच त्रास दिला नाही. कपाटात फार भगदाडं होती. सगळ्यांना कार्डं टाकली."

"कसली कार्डं?"

"पुस्तक परत करा म्हणून. भाषा अगदी गोड ठेवलीय. येणं जमत नसेल तर टपालानं पाठवा, असंही लिहिलंय. तेवढीच लोकांची सोय."

बाई जवळच्या बाकावर बसल्या.

"पत्ते कुठून मिळाले?"

"त्यांच्या घरच्यांनीच दिले. किती चांगली माणसं आहेत हो. शिंपीणकाकूंनी तर वर चहा पाजला. त्यांना वाटलं, मी त्यांच्या मुलाची विचारपूस करतोय."

"सगळ्यांना टाकलीत?"

"एकूण एक."

"खिडकीजवळच्या कपाटात खालच्या फळीवर एक आहे. नाव नाही त्यावर. नुसतं 'धाकटी' लिहिलंय."

"त्याचीच पंचाईत झाली होती," साहेब उत्साहानं म्हणाले. "पोस्टमनना माहीत होता पत्ता. गेलं कार्ड."

बाईंनी मान हलवली. साहेबांना वाटलं, शाबासकी दिली.

धाकटी म्हणजे बाईंची धाकटी बहीण. दोघी त्याच खोल्यांत वाढल्या. लहानपणी दोघींचा एकच खेळ असायचा, गाडी-गाडी. ताई खिडकीमागे बसून तिकीट द्यायची आणि धाकटी उशीची गाठोडी घेऊन प्रवासाला निघायची. खेळ बदलून बघावा असं दोघींनाही कधी सुचलं नाही, आणि आयुष्यानंही मग तो बदलला नाही. मोठी झाल्यावर धाकटीला लांबच्या बंदरावर, इस्पितळात काम मिळालं. ती म्हणाली, "ताई, तूही चल. दोघींना पुरेल एवढी खोली आहे. खिडकीतून बोटी दिसतात." ताई म्हणाली, "बाबा आहेत तोवर नको. मागनं येते."

धाकटीनं जाताना पुस्तक निवडलं तेही दोघींचं मिळून अर्धवट वाचलेलं. एक दिवस ती वाचायची, एक दिवस ही, आलटून पालटून. त्यातला नायक रात्री वाट चुकून एका कोरड्या विहिरीत पडतो, तिथपर्यंत ताई आली होती. धाकटी पुढे होती. "पुढचं तू आलीस की सांगेन," असं म्हणून ती पुस्तक घेऊन गेली. तो बिचारा अजून विहिरीत आहे. बाईंचे केस पांढरे झाले, त्याला कुणी दोर टाकला नाही.

वडील गेले तेव्हा तार पोचायला उशीर झाला. धाकटी आली ती सगळं आटोपल्यावर. दोघी खिडकीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"आता तर चलशील?" धाकटीनं विचारलं.

"मग इथे कोण बसणार?"

"कुणी नाही बसलं तरी चालेल. गाडी यायची नाहीये, ताई."

बाप जाऊन चार दिवस झालेल्या घरात बोलायचं वाक्य ते नव्हे. ताईनं जे उत्तर दिलं तेही नव्हे. "तुला यायला उशीर झाला म्हणून कुणी यायचंच नाही असं समजू नकोस." धाकटी त्याच दिवशी संध्याकाळच्या बसनं गेली. भरल्या पिशवीतून तिनं ते पुस्तक काढून खिडकीवर ठेवलं असतं तर सगळं संपलं असतं. पण तिनं ते ठेवलं नाही. बाई त्या एका गोष्टीवर पुढची सगळी वर्षं तगून राहिल्या होत्या. पत्र नाही, निरोप नाही, पण पुस्तक तिच्याकडे आहे. ते आहे तोवर ती कधीतरी यायची आहे.

आणि आता तिलाच कार्ड गेलं होतं, येणं जमत नसेल तर टपालानं पाठवा.

पुस्तकं यायला लागली. पोस्टमन सायकलला दोन्ही बाजूंनी पार्सलं लटकवून फलाटापर्यंत यायचा. गावात गोष्ट पसरली, तशी त्याची सायकल दिसली की लोक दारं लोटून घेऊ लागले. जो घरोघरी बसून गप्पा हाणायचा त्याला कुणी पाणी विचारीना.

"मी काय रोग आहे का?" तो खिडकीशी वाकून कुरकुरला. "माणसं पाठवणार, मी आणणार. पाठवणाऱ्याला कुणी काही बोलत नाही."

"पाठवणारा समोर नाही ना," बाई म्हणाल्या. "द्या, कुठे सही करू?"

शिंपीणकाकूंच्या मुलाचं पार्सल आलं त्या दिवशी काकू स्वतः आल्या. मुलगा शिकायला गेला होता, मग नोकरीला लागला, मग तिकडचाच झाला. काकूंनी पार्सल सोडू दिलं नाही. आधी हातात घेऊन उलटंपालटं केलं, सुतळीवरून बोट फिरवलं.

"गाठी बघा कशा मारल्यात. इथं होता तोवर बुटाचे बंद मी बांधायचे."

"शिकला की मग."

"शिकला." काकूंनी पार्सल टेबलावर ठेवलं. "बाई, आता या निमित्तानं म्हणून तो काही यायचा नाही, नाही का?"

"असं कुठे असतं, काकू. आईला भेटायला निमित्त लागतं का?"

"मला लागत नाही हो. त्याला लागतं. मुलग्यांना लागतं." मग त्या एकदम म्हणाल्या, "हे पुस्तक माझ्या नावावर द्या. बघू तरी, एवढी वर्षं उराशी धरण्यासारखं काय होतं त्यात."

बाईंनी ते त्यांच्या नावावर दिलं. काकू गेल्या. कपाटातलं भोक आजच्यापुरतं उघडं राहिलं, पण बाईंनी त्याच्याखालचं परतीचं तिकीट खिळा उचकटून काढलं. ते आता कुणाचंच नव्हतं.

साहेबांना हे कळायला वेळ लागला. नुसतं पुस्तकं येताना बघून ते खूश होते. पण माणसं येतात, पार्सल हातात घेतात आणि न बोलता परत जातात, हे त्यांना दिसत होतं. एका दुपारी डबा खाता खाता त्यांनी विचारलं, "बाई, माझं काही चुकलंय का?"

बाई चिडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. त्यांनी डब्याकडे बोट केलं. "हा डबा कुणाचा?"

"आईचा. मागच्या वेळी भरून दिला होता. दर वेळी न्यायचा विसरतो. ती फोनवर रोज ओरडते, माझा डबा आण, माझा डबा आण."

"तो पार्सलनं पाठवून द्या तिला. सोय होईल तिची."

साहेब हसले. मग त्यांचं हसू हळूहळू आटलं. डब्यातला घास त्यांनी तसाच ठेवला.

"एवढ्यासाठी ती मागते?" त्यांनी विचारलं.

"तिच्याकडे काय भांडी कमी आहेत?"

"कार्डं परत मागवता येत नाहीत," शेवटी ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाही येत," बाई म्हणाल्या. "जेवा तुम्ही. गार होतंय."

त्यानंतर बाईंचा जीव टांगणीला लागला. वर्षानुवर्षं त्यांनी धाकटीकडून काहीतरी यावं म्हणून वाट पाहिली होती. आता त्याच डोळ्यांनी त्या पोस्टमनच्या वाटेकडे बघायच्या आणि मनात म्हणायच्या, काही नको येऊ दे. सायकल रिकामी दिसली की हायसं वाटायचं, आणि लगेच वाईट. म्हणजे कार्ड मिळूनसुद्धा तिला काहीच वाटलं नाही? माणसाचं मन म्हणजे त्या बकरीची जात. खुंटीला बांधलं तरी खुंटी घेऊन चालू लागतं.

तुळया बदलून झाल्या, तावदानं बसली. खोल्यांमध्ये नव्या लाकडाचा वास भरला. कपाटातली भोकं एकेक करून बुजत गेली आणि शेवटी खिडकीजवळच्या कपाटात खालच्या फळीवर एकच उरलं. बाई आता सकाळी फक्त तेवढंच सारखं करायच्या. पूर्वी त्या कामात बराच वेळ जायचा. आता ते चटकन संपायचं आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कळायचं नाही.

एका सकाळी पोस्टमन सायकलवरून उतरून चालत आला. सायकल हातानं ढकलत येणारा पोस्टमन बाईंनी आजवर पाहिला नव्हता. त्यानं खिडकीतून काही आत सरकवलं नाही. वळसा घालून दारातून आत आला आणि पार्सल टेबलावर ठेवलं.

"बंदराचं आहे," तो म्हणाला.

खाकी कागद होता, आणि वर पत्ता. वाचनालयाचं नाव, गावाचं नाव. धाकटीचं अक्षर जसंच्या तसं होतं, उजवीकडे कललेलं, कुठेतरी निघाल्यासारखं. बाईंनी पार्सल उचललं. ते हलकं होतं. एवढंसंच होतं पुस्तक? कपाटात त्या चांगली ओंजळभर जागा सांभाळत होत्या. शेजारची पुस्तकं सरळ करता करता ती जागा वर्षागणिक रुंदावत गेली असावी. याला निम्मीही पुरली असती.

त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. मध्येच कुठेतरी पानांत फुगवटा लागला. आत काही ठेवलेलं होतं. घडी घातलेला कागद असेल. फोटो असेल. खूण म्हणून घातलेलं बसचं जुनं तिकीटही असेल. पुस्तक उघडलं की कळणार होतं. तो विहिरीतून निघाला की नाही, तेही कळणार होतं.

"फोडा की," पोस्टमन म्हणाला. "मी तोंड फिरवतो हवं तर."

"फोडलं की ते घेतल्यासारखं होतं."

"मग घेणारच ना? तुमच्याच बहिणीचं आहे."

पार्सल घेतलं की कपाटात ठेवायचं, तिकीट काढायचं, झालं. धाकटी मोकळी. आत काहीही लिहिलेलं असलं, अगदी 'ताई, चुकलं माझं' असं लिहिलेलं असलं, तरी ते लिहून ती मोकळीच. बाईंना तिच्याकडून माफी नको होती. ती हवी होती. आधी दारातून आलेली, दमलेली, पिशवी खाली टाकून पाणी मागणारी, आणि मग भांडायला बसलेली.

एवढ्यात साहेब आतल्या खोलीतून आले. पोस्टमनच्या हातातला पावतीचा कागद पाहून त्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. "सही मी करतो, बाई बसा." मग त्यांची नजर पार्सलवर गेली, तिथून खालच्या फळीवर आणि तिथून बाईंच्या चेहऱ्यावर. त्यांनी पेन काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

"माझ्या पेनातली शाई संपलीय," ते म्हणाले. "आणि मला रंगाऱ्याकडे जायचंय." ते खरोखरच निघून गेले, टोपी विसरून.

"दिसतो त्यापेक्षा शहाणा आहे तो," पोस्टमन म्हणाला. "मग काय करू? मला पुढं आणखी वाटप आहे."

"पार्सल घेतलं नाही तर काय होतं?"

"परत जातं. पाठवणाऱ्याकडे. वर कारण लिहावं लागतं." त्यानं बोटं मोडली. "पत्ता सापडला नाही, हे एक. घेणारा गाव सोडून गेला, हे एक."

"ते खोटं होईल," बाई म्हणाल्या. "घेणारी कुठे गेलीच नाही, हेच तर तिचं दुखणं आहे."

"मग राहिलं एकच. नाकारलं."

"तेच लिहायचं."

पोस्टमननं पेन्सिल जिभेला लावली, मग थांबला. वयस्कर माणूस होता. दोघी बहिणींना त्यानं फ्रॉकमध्ये पाहिलं होतं. "बाई, तिला काय वाटेल?"

"राग येईल."

"मग?"

"रागीट आहे ती. पत्र लिहून राग काढायची तिची पद्धत नाही. तोंडावर बोलल्याशिवाय तिला चैन पडत नाही."

"आणि तिनं पुन्हा पाठवलं तर?"

"पुन्हा परत."

"म्हणजे तुम्हा दोघींच्या पायी मी हेलपाटे घालायचे," पोस्टमन म्हणाला, पण त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. त्यानं पेन्सिल पार्सलवर टेकवली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी लिहिते."

"तसा नियम नाही. ते पोस्टमननं लिहायचं असतं."

"माहीत आहे."

त्यानं पेन्सिल दिली. बाईंनी पार्सल आपल्याकडे ओढलं. धाकटीच्या अक्षराखाली थोडी जागा होती. तिला अक्षरं शिकवली होती ती ताईनंच, याच टेबलावर, तिचा हात हातात धरून, ती उजवीकडे कलली की चापट मारून. ती कलायची थांबली नाही ती नाहीच. बाई लिहू लागल्या. त्यांचं अक्षर ताठ होतं, खिडकीमागे बसलेल्या माणसासारखं. एकेक वळण त्यांनी पूर्ण केलं. मध्ये एकदा पेन्सिल उचलली, नव्यानं टेकवली.

"एकच शब्द आहे ना?" पोस्टमननं विचारलं. "एवढा वेळ?"

"तिला वाचता यायला हवा."

लिहून झालं तेव्हा बाईंनी पार्सल लगेच सोडलं नाही. दोन्ही तळवे त्यावर सपाट ठेवून त्या बसून राहिल्या. पोस्टमननं घाई केली नाही. मग त्यांनीच ते त्याच्याकडे सरकवलं.

"सायकलवर बाहेरच्या बाजूला नका लटकवू," त्या म्हणाल्या. "पिशवीत ठेवा. आणि बंदराला जायला आजकाल किती दिवस लागतात?"

"पार्सलला जायला? की माणसाला तिथून यायला?"

"दोन्ही सांगा," बाई म्हणाल्या, आणि बसायला त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली.